साहेब ड्युटीवर आहेत, मोबाइल खिशात ठेवा

नागरिक बंधू-भगिनींनो, अलीकडे बऱ्याच लोकांचा एक गैरसमज झालेला दिसतो. पोलीस सरकारी नोकर आहेत, त्यांचा पगार आपल्या करातून होतो, भर चौकात ते जे करतात ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंच, मग तेच मोबाइलला दिसलं तर बिघडलं कुठं, असं या भाबड्या मंडळींना वाटतं. परवा एका नाकाबंदीपाशी माझं या विषयावर सविस्तर शंकानिरसन करण्यात आलं. तुमच्यावर ती वेळ येण्याआधी काही सल्ले देऊन ठेवतो.

सगळ्यात आधी, जे बघायचं ते डोळ्यांनी बघा. डोळ्यांना कुणाची हरकत नाही. डोळ्यांनी बघणारा माणूस पुढे साक्षीदार होतो, साक्षीदाराला तारखा पडतात, तारखांना तो कंटाळतो, कंटाळला की फितूर होतो आणि सगळं मार्गी लागतं. व्हिडिओ कंटाळत नाही. त्याच्या मेहुण्याचं लग्न नसतं, त्याच्या घरी रात्री जाऊन त्याला समजावता येत नाही. असला आडमुठा साक्षीदार कुणाला परवडेल?

दुसरं, ‘सरकारी कामात अडथळा’ हे तीन शब्द पाठ करा. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३५३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते १३२ झालं. चौकात मात्र अजून ३५३च चालतं. “लावू का ३५३?” यात जो दरारा आहे तो १३२ मध्ये यायला वेळ लागेल. कलम प्रत्यक्ष वाचायच्या भानगडीत पडू नका. वाचलंत तर त्यात हल्ला आणि बळाचा वापर असं काहीबाही सापडेल आणि रस्त्याच्या पलीकडे फोन धरून गप्प उभं राहणं यातलं नेमकं काय, असा प्रश्न पडेल. प्रश्न पडलेला माणूस हाच मुळात अडथळा. याहून सौम्य असं कलम २२१ आहे, नुसत्या अडथळ्याचं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तेही लागायचं तर आधी काहीतरी अडायला हवं ना? परवा तिथं जे चाललं होतं ते एका डिलिव्हरीवाल्या पोराच्या कानफटात मारणं. ते सरकारी काम असेल तर मी अडथळा आणला, मान्य. दुसरी थप्पड राहून गेली.

गाडीची चावी काढून घेतली तर ‘का’ म्हणू नका.

नेमप्लेट वाचायला जाऊ नका. अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात सांगून पाव शतक उलटलं, पुढे ते कायद्यातही आलं. पण नेमप्लेट नाजूक असते, तिला ऊन लागू नये म्हणून जॅकेटच्या आत ठेवतात.

आता पोलीस ठाण्याविषयी. ठाण्यात तर मोबाइल बाहेरच काढू नका, ती गुप्त जागा आहे. १९२३ सालचा, इंग्रजांनी हेरांसाठी केलेला ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे शासकीय गुपितांचा कायदा आहे. त्यात प्रतिबंधित जागांची व्याख्या आहे. लष्कराचे तळ, दारूगोळ्याची कोठारं, युद्धनौका, पाणसुरुंगांची जागा वगैरे. आपल्याकडच्या काही अधिकाऱ्यांनी या यादीच्या शेवटी मनातल्या मनात ठाणे अंमलदाराचं टेबल लिहून टाकलं आहे. तिथला प्रिंटर बंद असतो आणि अर्जाचा कागद तक्रारदारालाच बाहेरून आणावा लागतो, ही माहिती शत्रूराष्ट्राच्या हाती लागली तर? वर्ध्यात ठाण्यातलं बोलणं मोबाइलवर टिपणाऱ्या एका माणसावर खरोखरच हा हेरगिरीचा कायदा लावला होता. २०२२ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला. व्याख्येत ज्या जागा आहेत तेवढ्याच प्रतिबंधित, पोलीस ठाणं त्यात नाही, इतकं साधं ते. तरी २०२४ च्या सप्टेंबरात औरंगाबाद खंडपीठाला तेच पुन्हा सांगावं लागलं, कारण पाथर्डीच्या ठाण्यात पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून दोन भावांना हाच कायदा लावला होता. दोन खंडपीठं सांगून थकली. ‘मोबाइल शूटिंगला सक्त मनाई’ अशी पाटी मात्र जागच्या जागी असते. ती पाटी कधी नीट पाहिली आहे का? खाली कलम लिहिलेलं नसतं. लिहिणार कुठलं?

याउलट साहेबांनी तुमचा फोटो काढला तर नीट उभे राहा. हेल्मेटचा पट्टा, मागे बसलेली बायको, नंबरप्लेट, सगळं फ्रेममध्ये येऊ द्या. ई-चलानसाठी खासगी मोबाइलवर फोटो काढू नका, असं वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी २०२५ मध्ये बजावलं होतं. ते आपण मनावर घेऊ नये, तेही घेत नाहीत. हातात मोबाइल त्यांचा, चौकात सीसीटीव्ही त्यांचा, मोर्चावर ड्रोन त्यांचा, अंगावर बॉडी कॅमेरा त्यांचा. एवढी सोय असताना तुमचा आगाऊ पाचवा कॅमेरा कशाला? ते चार म्हणजे सुरक्षा, तुमचा एक म्हणजे बदनामी.

फोन मागितला की ताबडतोब द्या. हा सल्ला जरा विस्तारानं सांगतो, कारण यात माझा स्वतःचा अभ्यास झाला आहे.

मी फुटपाथवर होतो. मध्ये एक पूर्ण रस्ता. त्या पोराची चावी काढून घेतलेली, तो मोबाइलवर डिजिलॉकरमधली कागदपत्रं दाखवतोय, आणि त्याच्या बोलण्यात काय आवडलं नाही कोण जाणे, पण एक सणसणीत बसली. मी फोन वर केला. दोन-चार सेकंदांत साहेब रस्ता ओलांडून माझ्यापाशी. नाकाबंदी सोडून, गाड्या सोडून, त्या पोरालाही सोडून. म्हणजे इतक्या वेळ जे सरकारी काम चाललं होतं ते माझ्यापेक्षा कमी महत्त्वाचं होतं, हे त्यांनीच सिद्ध केलं. “ए, काय शूटिंग लावलंय? आण इकडं.” आणा म्हणजे काय, तो हातातून गेलाच होता. “लॉक खोल.” मी म्हटलं, “साहेब, जप्त करताय का? मग पंचनामा करा.” यावर जे उत्तर मिळालं ते छापण्यासारखं नाही, त्यात माझ्या आईचा उल्लेख होता.

आता यातली गंमत बघा. पोलिसांनी कारवाई कशी करायची ते सांगणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ म्हणतं की झडती आणि जप्ती करताना पोलिसांनी तिचं दृक्-श्राव्य चित्रीकरण करायचं, शक्यतो मोबाइलवर. मोबाइलवर हं! कायद्यानं स्वतः मोबाइल त्यांच्या हातात दिलाय. माझ्या बाबतीत जप्तीचं चित्रीकरण झालं. पण ज्या फोनवर झालं तोच जप्त झाला.

लॉक खोललं. नाही खोललं तर “चल ठाण्यात, रात्रभर बस” असा पर्याय होता, आणि घरी आई एकटी होती. मग साहेबांनी जे केलं ते पाहून मी थक्क झालो. व्हिडिओ पुसला. मग ‘रिसेंटली डिलीटेड’चं फोल्डर उघडून तिथूनही पुसला. मग क्लाउडवर बॅकअप गेलाय का ते तपासलं. मग व्हॉट्सॲप उघडून कुणाला पाठवलाय का ते बघितलं. वाटेत आईचे रक्ताचे रिपोर्ट, भाचीच्या वाढदिवसाचे फोटो, बायकोनं पाठवलेला संदेश, सगळं चाळून झालं. अंगठा असा सरसर चालत होता की बघत राहावं. आणि याच खात्यात, माझ्या काकांचे पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेले तेव्हा आम्ही गेलो होतो. तेव्हा आम्हाला विचारलं होतं, “ओटीपी म्हणजे नक्की काय येतं हो?” मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग साहेब बंदोबस्ताला गेलेत, मग सायबरवाले बघतील, मग तपास सुरू आहे. अजून सुरू आहे. अहो, एवढी हुशारी होती तर तेव्हा कुठं ठेवली होती? चोराच्या फोनमध्ये तुम्हाला काही दिसत नाही आणि माझ्या फोनमध्ये तिसऱ्या फोल्डरात दडलेली क्लिप दिसते? काकांची आयुष्यभराची बचत होती ती!

असो. सल्ला देत होतो.

काळजी करू नका, पोलिसांचे स्वतःचे कॅमेरे आहेतच. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवेत. दरवाजात, कोठडीत, व्हरांड्यात, इन्स्पेक्टरच्या खोलीत. अंधारात दिसणारे, आवाजही टिपणारे. चित्रण १८ महिने जपायचं, ती सोय मिळत नसेल तर किमान एक वर्ष. त्यामुळे ठाण्यात काही झालंच तर निर्धास्त राहा आणि फुटेज मागा. माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवस थांबा. कॅमेरा त्याच दिवशी बंद होता, नेमका तोच कोपरा दिसत नव्हता, हार्डडिस्क दुरुस्तीला गेली होती, यापैकी काहीतरी ठरलेलं असतंच. तमिळनाडूत सातनकुळमला जून २०२० मध्ये जयराज आणि त्यांचा मुलगा बेनिक्स, लॉकडाउनमध्ये दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवलं एवढ्यावरून ठाण्यात नेलेले, मारहाणीनंतर दोघंही गेले. दंडाधिकारी चौकशीला ठाण्यात पोहोचले तेव्हा हार्डडिस्कमध्ये भरपूर जागा होती, फक्त रोजचं चित्रण रोज आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग करून ठेवलेलं होतं. दुकान मोबाइलचं होतं त्यांचं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात राजस्थानात ७-८ महिन्यांत कोठडीत ११ मृत्यू झाल्याची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण कॅमेरे चालत नव्हते. मी काढला तो व्हिडिओ बदनामी, आणि हे काय?

अमेरिकेत मिनियापोलिसच्या पोलिसांनी मे २०२० मध्ये आधी पत्रक काढलं होतं की झटापटीनंतर एका माणसाची तब्येत बिघडली आणि तो वारला. डार्नेला फ्रेझियर नावाच्या १७ वर्षांच्या मुलीनं फुटपाथवरून फोन धरला नसता तर पोलिसानं गुडघ्याखाली मान दाबून मारलेला जॉर्ज फ्लॉइड आजही त्या पत्रकात तब्येत बिघडूनच वारलेला असता. तिथल्या पोलिसांनी तिचा फोन हिसकावला नाही. हे मात्र आपल्याकडच्या साहेबांनी शिकू नये, असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं.

कुणी म्हणेल, लोक अर्धवट क्लिप कापून टाकतात, पोलिसांची नाहक बदनामी होते. होते, खरं आहे. बारा-बारा तास उभं राहून बंदोबस्त करणाऱ्या हवालदाराच्या अंगावर एखादा दारुडा धावून जातो आणि व्हायरल होतं ते फक्त हवालदारानं मारलेलं. त्यावर उपाय म्हणजे तुमचा बॉडी कॅमेरा चालू ठेवा आणि पूर्ण चित्रण बाहेर टाका. माझा फोन हिसकावणं हा उपाय कसा? अत्याचारित बाईचा चेहरा, लहान मूल, छाप्याची तयारी, हे टिपू नये, बाजूला व्हायला सांगितलं तर व्हावं. एवढं आम्हाला कळतं. कानफटात मारणं या यादीत कुठं बसतं ते सांगा.

आणि त्या चौकात उभे होतात ते तुम्ही सगळे. तीस-चाळीस लोक असतील. प्रत्येकाच्या हातात फोन होता. अपघात झाला की रस्त्यावर तडफडणाऱ्या माणसाच्या तोंडात कॅमेरा घालता, तेव्हा कुणाला भीती वाटत नाही. एका पोराला मारलं, एकाचा फोन काढून घेतला, तेव्हा सगळ्यांचे फोन खिशात. एक काका तर मलाच म्हणाले, “कशाला नादी लागता, चांगल्या घरचे दिसता.” काका, चांगल्या घरचे म्हणजे काय? ते पोरगं चांगल्या घरचं नव्हतं म्हणून त्याला मारायचं? दहा जणांनी फोन वर केले असते तर साहेबांना दहा लॉक उघडायला लागली असती. एकाचं उघडलं, कारण एकच होता. लाज वाटायला हवी.

आणि साहेब, तुम्हाला सरळ सांगतो. ड्युटीवरच्या पोलिसाचं रस्त्यावर चित्रीकरण करू नये असं एकही कलम नाही, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माहीत नसतं तर पंचनामा केला असता, पोच दिली असती, फोन ठाण्यात जमा केला असता. तुम्ही तो चौकात पुसून परत दिलात, कारण कागदावर यायला नको होतं. पुरावा होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या २४१ नुसार गुन्हा आहे. खात्याच्या बोधचिन्हावर सद्रक्षणाय खलनिग्रहणाय लिहिलंय, त्या चौकात सज्जन कोण आणि खल कोण होता ते तुम्हीच ठरवा. तक्रार लिहून झाली आहे, एक प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला जाते आहे. ठाण्यात देताना फोन हातात असेल आणि चालू असेल. शासकीय गुपितं वगैरे काढू नका, नागपूर आणि औरंगाबादचे निकाल छापून सोबत आणतोय. तुमच्या टेबलाला काही होणार नाही. शिक्का मारा, आवक क्रमांक टाका आणि तारीख नीट घाला.