नंदूचा मूलाधार आणि बापूची भीती

चक्रांच्या शिबिराहून परतलेल्या नंदूने कट्ट्यावर येताच प्रत्येकाकडे निरखून पाहिले आणि बापूकडे बोट दाखवून निदान जाहीर केले की याचा मूलाधार, म्हणजे कण्याच्या तळाशी मानलेले चक्र किंवा ऊर्जाकेंद्र, पूर्णपणे असंतुलित आहे. त्याच्या मनगटाला लाल मण्यांची माळ होती, आणि बोलण्यात ‘ऊर्जा’ हा शब्द इतक्या वेळा येत होता की मूळ मुद्दा शोधावा लागे. बापूचा अपघात आम्हा सर्वांना ठाऊक असल्यामुळे क्षणभर कोणी काही बोलले नाही.

“भीती, पैशाची काळजी, झोप न लागणे, हे सगळे मूलाधाराचे विकार आहेत,” नंदू पुढे म्हणाला. “तो एकदा संतुलित झाला की आतला ट्रॉमा आपोआप मोकळा होतो. ऋषिमुनींनी हे हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.”

“कोणत्या ऋषींनी, कोणत्या ग्रंथात, तेवढे सांग,” मास्तर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले असल्याने असा प्रश्न आला की समोरच्याची पंचाईत ठरलेली असते. नंदू गप्प झाल्यावर त्यांनी स्वतःच सांगायला घेतले. आज ज्या चक्रांची सर्वत्र चर्चा चालते त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध वर्णन पूर्णानंद या तांत्रिक साधकाच्या षट्चक्रनिरूपणात आहे, आणि तो ग्रंथ १५७७ चा आहे. त्यात मूलाधाराला चार पाकळ्या आहेत, त्यांवर वं, शं, षं, सं ही अक्षरे आहेत, मध्ये पृथ्वीतत्त्वाचा पिवळा चौकोन, लं हे बीजाक्षर (त्या चक्राचा मंत्र), हत्ती आणि साडेतीन वेढे घालून सर्पासारखी निजलेली कुंडलिनी ही शक्ती आहे. साधकाने गुरूच्या देखरेखीखाली तिला जागवून एकेक चक्र भेदत वर न्यायचे असते. “चक्र भेदायचे असते, नंदू, तराजूसारखे समतोल करून तिथेच बसायचे नसते. तो मुक्तीचा मार्ग आहे. त्यात तुझ्या झोपेची हमी कोणी दिलेली नाही.”

“पण रंग तरी खरे आहेत ना? खाली लाल, मग नारिंगी, मग पिवळा?”

“अनाहत, म्हणजे हृदयापाशी मानलेले चक्र, तुझ्या तक्त्यावर हिरवे असेल. त्या ग्रंथात त्याच्या पाकळ्या तांबड्या आहेत आणि नाभीपाशी मानलेल्या मणिपूराच्या मेघासारख्या काळ्याशार. इंद्रधनुष्याचा हा क्रम विसाव्या शतकात पश्चिमेत रुळला आणि तिथून आपल्याकडे आपलाच म्हणून परत आला. त्या ग्रंथाचे वुडरॉफ या इंग्रज अभ्यासकाने केलेले इंग्रजी भाषांतर १९१९ मध्ये निघाले, १९३२ मध्ये मानसशास्त्रज्ञ युंग यांनी झुरिचला कुंडलिनीवर मानसशास्त्राच्या अंगाने व्याख्याने दिली, आणि चक्रांना मनाच्या गरजांशी जोडण्याची रीत त्यानंतर वाढत गेली. नवा अर्थ लावायला माझी हरकत नाही, मात्र त्यावर ऋषींची सही करू नये.”

इतका वेळ शांत असलेला बापू तेव्हा म्हणाला, “मास्तर, ग्रंथाचे तुमचे बरोबर असेल. पण नंदूने मला लं म्हणायला शिकवले, आणि ते म्हणताना छातीतली धडधड खरोखर कमी होते.” नंदूचा चेहरा उजळला.

मानसीने हे नाकारले नाही. ती समुपदेशक आहे, आणि या विषयात आमच्यापैकी कोणाचे ऐकायचे असेल तर ते तिचेच, असे माझे स्पष्ट मत आहे. ती म्हणाली, “होणारच कमी. लंचा अनुस्वार लांबवताना उच्छ्वास लांबतो, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात, आणि शरीराची धोक्याची अवस्था ओसरू लागते. पाय जमिनीवर टेकवून तळव्यांना भार जाणवू देण्याचेही तसेच आहे. भीती उद्याची असते किंवा कालची असते, आणि पाय मात्र आत्ताच्या जमिनीवर असतात. बापू, हे तू अवश्य करत राहा. अमेरिकेतील एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आघातानंतरचा त्रास दीर्घकाळ असलेल्या आणि उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. दहा आठवडे योग केलेल्या गटातील ५२ टक्के स्त्रिया शेवटी त्या निदानाच्या कक्षेबाहेर आल्या, आरोग्यविषयक वर्गाला बसलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. त्या योगाचा गाभा असा होता की कोणालाही आज्ञा दिली जात नसे. डोळे मिटायचे की नाही, हात उचलायचा की नाही, हे ती स्त्री स्वतः ठरवी.”

“म्हणजे मी बरोबरच होतो,” नंदू म्हणाला.

“तू कुठे चुकतोस ते आता ऐक. मूलाधाराची जागा गुद आणि जननेंद्रिय यांच्या मध्ये सांगितली आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसाला खोलीभर अनोळखी लोकांत डोळे मिटून नेमके तिथेच लक्ष न्यायला सांगितले तर काय होईल, याचा विचार तुझ्या शिबिरात कोणी केला होता का? काहींना तो प्रसंग जसाच्या तसा पुन्हा भोगावा लागतो, श्वास अडकतो, शरीर बधिर होते. आणि त्याला वर सांगायचे की हा अडथळा बाहेर पडतो आहे, सहन कर! ज्याच्यावर आघात झाला त्याला ‘तुझेच चक्र बिघडले आहे’ म्हणणे म्हणजे घर फोडणाऱ्याला सोडून दाराची कडी तपासत बसणे आहे.”

यावर नंदूजवळ उत्तर नव्हते. खरे तर त्या शिबिरातील कोणाजवळही ते असेल असे मला वाटत नाही, आणि या गोष्टीचा मला मनापासून राग येतो, कारण तिथे जाणारी माणसे हौसेने जात नाहीत, ती रात्र रात्र जागून थकलेली असतात. मानसीने पुढे हेही सांगितले की धडधड, कंप, घाम आणि घटणारे वजन यांमागे कधी कधी वाढलेला थायरॉईड असतो, तो रक्ताच्या तपासणीत दिसतो आणि कोणत्याही मण्याने उतरत नाही. आघाताच्या आठवणींवर तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने काम करण्याच्या उपचारपद्धती उपलब्ध आहेत. लं त्यांच्या जोडीने म्हणता येते, त्यांच्या ऐवजी नाही.

“मग ही माळ टाकून देऊ का?” नंदूने पडेल आवाजात विचारले.

“राहू दे,” बापू म्हणाला. “मानसीने सांगितलेल्या तज्ज्ञाकडे मी जाणार आहे. पण गेल्या वेळी तू मला विकलेल्या त्या चुंबकाच्या गादीचे पैसे परत कर. पैशाची काळजी हा मूलाधाराचा विकार आहे, असे आत्ताच तू म्हणालास.”

“गादी तू वापरलीस ना?”

“तिच्यावर झोपून माझी पाठ धरली!”

मास्तरांना तीच गादी आपल्यालाही विकली गेल्याचे तेव्हा आठवले, आणि नंदू चपला घालेपर्यंत आम्हा सर्वांना हसू आवरेना.