8 वर्षांच्या पोरीला 18.5 चा नियम कुठून लावताय?

परवा बहिणीचा फोन आला, अगदी रडवेली झालेली. पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की मुलाचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 18.5 च्या खाली म्हणजे कुपोषण, 25 पर्यंत एकदम नॉर्मल, आणि बीएमआय घटताना दिसला तर लगेच प्रोटीन पावडर सुरू करा. तिने भाचीचा काढला, आला 15.7, आणि तेव्हापासून त्या पोरीच्या ताटात पोट भरल्यावरही जबरदस्तीने वाढणं चाललंय. हाच मेसेज मला याआधी दोनदा आला होता, तेव्हा सोडून दिला, आता नाही सोडणार.

अहो, 18.5 आणि 25 हे मोठ्या माणसांचे आकडे आहेत! मुलांचा बीएमआय वय बघून आणि मुलगा की मुलगी ते बघून चार्टवर ठेवायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 5 ते 19 वर्षांसाठीचा 2007 चा चार्ट आहे, त्यात 8 वर्षांच्या मुलीची मधली रेषाच 15.7 च्या आसपास आहे. भाची 126 सेंटीमीटर, 25 किलो, म्हणजे बरोब्बर मधोमध. तिला 18.5 वर न्यायचं तर चार किलोच्या वर वजन वाढवायला लागेल, आणि मग ती जादा वजनात मोजली जाईल कारण त्या वयाला ती रेषा साधारण 17.7 ला आहे. म्हणजे चांगल्या तब्येतीच्या पोरीला आपण हाताने आजारी करायचं.

दुसरं टोक तर जास्त घातक. याच वयाच्या मुलीचा 22 आला तर मेसेजप्रमाणे नॉर्मल, आईबाप निर्धास्त, आणि चार्टवर ती लठ्ठपणाची रेषा ओलांडून गेलेली. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, 2015 मध्ये भारतीय मुलांचे चार्ट काढले, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचं मोठं काम आहे. तिथे जादा वजनाची रेषा अशी आखलीय की मूल मोठं होईपर्यंत ती 25 ला नाही तर 23 ला पोचते, कारण आपल्या लोकांना कमी बीएमआयलाच डायबेटिसचा धोका सुरू होतो.

आता एक मान्य करायला लागेल, किडकिडीत मुलं आपल्याकडे खरंच खूप आहेत. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वयाची 23 टक्के मुलं त्यात निघाली. पण ती वयाच्या रेषेने मोजलेली, 8 वर्षांच्या मुलीसाठी ती रेषा 13 च्या जवळपास येते, 18.5 नव्हे.

बीएमआय घटण्याचं म्हणाल तर बाळपणीचा गुटगुटीतपणा जाऊन तो साधारण 5-6 वर्षांपर्यंत खाली येतोच, मग परत चढतो. उलट हा चढ फार लवकर सुरू झाला तर पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. त्यासाठी पावडर कशाला? आणि मोजताना बूट काढा, उंची दोन सेंटीमीटर चुकली तरी भाचीचा आकडा अर्ध्या अंकाने हलतो.

बहिणीला चार्टचा फोटो पाठवलाय, तोच आता त्या ग्रुपवर टाकतेय.