रामेश्वरहून ७०० रुपयांत लंका, तेही आधार कार्डवर? मावशीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी सांगलीच्या मावशीचा फोन आला, मला वाटलं नेहमीचं तब्येत-पाणी, तर म्हणे "अगं आम्ही भजनी मंडळाच्या अकराजणी लंकेला चाललोय, तू जाऊन आलीस ना, स्वेटर लागतो का तिथे?" मी म्हटलं वा, पासपोर्ट कधी काढलास? तर म्हणे "लागत नाही, आधार चालतं. मिरजेहून मदुराईची तिकिटंसुद्धा काढून झाली." मी चहाचा कप खाली ठेवला. मग तिने तो मेसेज पाठवला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल, वर सोन्याच्या राजवाड्याचं चित्र, खाली समुद्रातल्या पुलाचा फोटो.

मेसेजचा सारांश असा: रावणाची लंका फक्त १४,९९९ रुपयांत, ७ दिवस, प्रवासासकट. रामेश्वरहून रोज बोट, भाडं ७००, दोन तासांत पलीकडे. पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, आधार दाखवा आणि चढा. आपला एक रुपया म्हणजे तिथले साडेतीन, त्यामुळे सगळं साडेतीनपट स्वस्त. आपलं यूपीआय सगळीकडे. शाकाहारी लोकांची चंगळ. हवा बारा महिने सारखीच, केव्हाही जा. सिगिरिया म्हणजे रावणाचा महाल, म्हाताऱ्यांनाही सहज चढता येतो. आणि शेवटी अर्थातच "दहा जणांना पाठवा".

बोटीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं खोटं निघालं तर पैसे जातील, हे खोटं निघालं तर माणसं अडकतील.

रामेश्वरहून लंकेला प्रवासी बोट नाही. रोज नाही, आठवड्यातून नाही, ७०० रुपयांत नाही आणि सात हजारांतही नाही. होती, हे मान्य. १९१४ साली पांबनचा रेल्वे पूल झाला तेव्हापासून मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर गाडीत बसायचं, धनुष्कोडीच्या धक्क्यावर उतरून बोटीने तलैमन्नारला जायचं आणि तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो, असा रीतसर प्रवास होता, बोट मेल म्हणायचे त्याला. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव, धक्का, स्टेशन सगळं गेलं, शंभराहून जास्त माणसं बसलेली एक अख्खी पॅसेंजर गाडी समुद्राने ओढून नेली. त्यानंतर काही वर्षं रामेश्वरहून बोट सुटायची, तिकडे यादवी पेटली आणि ऐंशीच्या दशकात तीही बंद पडली. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याच्या आजोबांनी हा प्रवास केलाही असेल, पण म्हणून मावशीला तिकीट मिळणार नाही. आणि फोटोतला तो पूल म्हणजे नवा पांबन पूल, ६ एप्रिल २०२५ ला उद्घाटन झालं त्याचं, तो रामेश्वर बेटाला आपल्याच तामिळनाडूशी जोडतो. लंकेचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता आधार. हे कुठून आलं असेल याचा मी दोन दिवस विचार करत होते कारण इतकं ठासून सांगितलेलं खोटं सहसा हवेतून येत नाही, आणि मग सापडलं. रामेश्वर आणि लंकेच्या मधे कच्चतीवू नावाचं २८५ एकरांचं एक बेट आहे, वस्ती नाही, प्यायला पाणी नाही, एक सेंट अँथनीचं चर्च आहे. १९७४ साली इंदिरा गांधी आणि लंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार होऊन ते लंकेच्या हद्दीत गेलं. त्या कराराचं पाचवं कलम वाचा, छोटंसं आहे: भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरूंना पूर्वीसारखंच कच्चतीवूला जाता येईल आणि त्यासाठी श्रीलंका त्यांच्याकडे प्रवासाची कागदपत्रं किंवा व्हिसा मागणार नाही. म्हणजे पासपोर्टशिवाय लंकेच्या हद्दीत जाता येतं हे अर्धसत्य आहे, मान्य करते, नाइलाजाने. पण ते फक्त त्या एका बेटापुरतं, चर्चच्या यात्रेला, वर्षातून दोन दिवस फेब्रुवारी-मार्चमध्ये, आधी प्रशासनाकडे ओळखपत्र देऊन नाव नोंदवून, आणि यात्रा संपली की त्याच बोटीने परत. २०२४ ला तर मच्छीमारांच्या अटकेच्या निषेधात रामेश्वरच्या बोटी गेल्याच नाहीत. तिथून पुढे कोलंबोला जायचा रस्ता नाही हो, बेट आहे ते! आणि आमची मावशी तिथे सेंट अँथनीचे अभंग म्हणणार आहे का?

चिडायचं कारण सांगते. रामेश्वरला अकरा बायका उतरून "लंकेची बोट कुठे" विचारायला लागल्या तर एखादा हो म्हणणारा भेटणारच नाही असं कोण सांगेल? त्या पट्ट्यात सीमा ओलांडली म्हणून आपल्या मच्छीमारांना लंकेचं नौदल पकडतं, बोटी जप्त होतात, हे पेपरात सारखं येतं. २०२२ च्या मार्चमध्ये तिकडून उपाशीपोटी पळून आलेल्या सहा जणांना, त्यात लहान मुलं, बोटवाल्याने धनुष्कोडीजवळच्या वाळूच्या बेटावर उतरवून दिलं आणि तो निघून गेला, कोस्ट गार्डने त्यांना आणलं. चोरून जाणारी बोट अशी असते.

खरी बोट आहे, पण ती नागपट्टिणमहून. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, आठवड्याभरात पावसामुळे बंद पडली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. जाफन्याजवळच्या कांकेसंतुरै बंदराला जाते, चारेक तास लागतात. रामेश्वरपासून नागपट्टिणम अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे "तिथूनच पुढे" नाही. पासपोर्ट लागतोच, इमिग्रेशन होतं, सामानाला वजनाची मर्यादा आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर समुद्र खवळला की फेऱ्या रद्द. आणि जाफन्याला उतरलात की कोलंबो अजून चारशे किलोमीटर.

व्हिसाचं थोडक्यात. ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी जायच्या आधी काढायची. भारतीयांना फी माफ, मग योजना बदलली, मग नवी घोषणा असं २०२३ पासून इतक्या वेळा झालंय की मी इथे आकडा लिहिणारच नाही. सरकारी साइट बघा, ईटीए डॉट गव्ह डॉट एलके. शोधल्यावर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या आणि वर कमिशन लावणाऱ्या चार साइट आधी दिसतात, त्यांच्यावर क्लिक करू नका.

"सगळं साडेतीनपट स्वस्त" हे वाचून तर मी कपाळाला हात लावला, कारण मावशीचे मिस्टर बँकेतून रिटायर झालेत आणि त्यांनीही मान डोलावली! अहो काका, रुपया साडेतीनपट तर किंमतही तेवढीच वर नाही का. मी फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले तेव्हा लिटरभर पाण्याची बाटली शंभर-सव्वाशेला होती, भागा साडेतीनने, तीस-पस्तीस रुपये, आपल्याकडे तेव्हा वीसला मिळायची. पेट्रोल तीनशेच्या वर, म्हणजे आपले नव्वदच्या आसपास. २०२२ मध्ये तो देश दिवाळखोर झाला, दोनशेला मिळणारा डॉलर साडेतीनशेच्या पुढे गेला, सगळं महागलं, आणि आपण तिथे "स्वस्त आहे" म्हणून नाचत जायचं. स्वस्त काय आहे ते सांगते: बस आणि रेल्वे. लाल सरकारी बसमध्ये दोन-तीन तासांचा प्रवास आपल्या शंभर रुपयांच्या आत होतो. विमानतळावरून कोलंबोला टॅक्सीवाले अंगावर येतात, त्यांना टाळून १८७ नंबरची बस पकडायची. कँडी ते एल्ला ती प्रसिद्ध रेल्वे, रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणून आम्ही साध्या डब्यात उभ्याने गेलो, तिकीट काहीशे लंकन रुपये. तीन तास एका आजींची भाजीची पिशवी माझ्या पायावर होती, पण चहाचे मळे तेच दिसतात जे फर्स्ट क्लासवाल्याला दिसतात. (जायच्या आधी ती लाइन चालू आहे का बघा, नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा वादळात डोंगरातल्या मार्गाची फार वाट लागली होती.)

माझा खर्च विचारताय तर मुंबईहून विमानाचं येणंजाणं २१ हजार, सहा रात्री दोघींत एक खोली धरून साडेचार हजार, खाणं पाच, फिरणं साडेचार, तिकिटं साडेतीन, सिमकार्ड वगैरे एक. चाळीसच्या थोडं आत. आणि ही मी, बॅग पाठीला लावून बसमध्ये उभी राहणारी. अकराजणी, त्यातल्या तिघींचे गुडघे दुखतात, त्यांना व्हॅन करावीच लागणार. चौदा हजार नऊशे नव्व्याण्णवमध्ये ते नऊशे नव्व्याण्णव कुठून आणलं ते तरी सांगा.

यूपीआयचं अर्धं खरं. फेब्रुवारी २०२४ पासून लंकेत चालतं, मॉलमध्ये आणि मोठ्या दुकानांत मी स्वतः केलंय, पण आधी ॲपमध्ये इंटरनॅशनल चालू करावं लागतं, आणि बस कंडक्टर, नारळवाला, गावातला गेस्टहाऊसवाला यांना रोखच लागते.

शाकाहारी चंगळ. हं. इथे मला आईची गोष्ट सांगायचीय. राइस अँड करी म्हणजे भात आणि भोवती चार-पाच भाज्या, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, फणसाची भाजी, बीटाची भाजी, खरंच छान आणि पोटभर, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. आईने पहिल्याच दिवशी पोल सांबोल खाल्लं, ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू, आपल्या चटणीसारखंच, तिला इतकं आवडलं की तीन दिवस रोज दोनदा मागून घेतलं, रेसिपी लिहून घ्यायला वही काढली. चौथ्या दिवशी गेस्टहाऊसच्या बाईंनी साहित्य सांगताना एक तपकिरी, लाकडासारखा कडक तुकडा दाखवला. उंबलकडा. सुकवलेला टूना मासा, कुटून घालतात, चवीपुरता. आई चाळीस वर्षं माळकरी. ती काही बोलली नाही, वही बंद केली. परतल्यावर एक जास्तीची एकादशी धरली. तर मावशी, "व्हेज" म्हणून भागत नाही, "उंबलकडा नको" असं नाव घेऊन सांगायचं, डाळीत आणि भाजीतसुद्धा असतो.

हवा बारा महिने सारखी, हे तर भूगोलात नापास. लंकेला दोन पावसाळे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तेव्हा गॉल, मिरिस्साकडचा समुद्र खवळलेला, त्या वेळी पूर्व किनाऱ्याला त्रिंकोमालीला जायचं. डिसेंबर ते मार्च उलट. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिणेचे बीच बुक करणारे दरवर्षी खोलीत बसून पत्ते खेळतात. आणि स्वेटर, मावशी, हो, नुवारा एलियाला लागतो. मेसेजमध्ये नसलेली एवढी एकच गोष्ट तुला बरोबर सुचली.

सिगिरिया हा खडकावरचा किल्ला पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा. रावणाच्या गोष्टी तिथे आहेत, नुवारा एलियाजवळ सीता अम्मनचं देऊळ आहे, एल्लाला रावणाच्या नावाचा धबधबा आहे, श्रद्धेने जा, कोण नको म्हणतंय. पण सिगिरियाला बाराशेच्या आसपास पायऱ्या, वरचा टप्पा खडकाला ठोकलेल्या लोखंडी जिन्याचा, खाली बघितलं की पोटात गोळा. "सहज" म्हणणारा चढलेला नाही. परदेशी पाहुण्याला तिकीट तीस डॉलरच्या पुढे, आपल्याला सार्क (दक्षिण आशियाई देशांचा गट) म्हणून बरंच कमी, पण खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवला तरच. तिथेही आधार चालत नाही, मी मुद्दाम विचारलं नाही पण माणसाचा चेहरा बघून कळलं असतं.

मदुराईची तिकिटं रद्द करू नका. रामेश्वर करा, मग धनुष्कोडीला जा, अरिचल मुनईच्या टोकापर्यंत आता रस्ता आहे. तिथे उभं राहिल्यावर माझ्या फोनवर "वेलकम टू श्रीलंका" असा मेसेज आला होता. पासपोर्टशिवाय लंका एवढीच, डेटा बंद ठेवला तर फुकट.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर मावशी जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली बघते. संध्याकाळी तिचा मेसेज आला, अकराजणींत पासपोर्ट दोघींकडे आहे, त्यातला एकीचा २०१९ ला संपलाय, आणि साठीनंतर फीमध्ये दहा टक्के सूट असते हे खरं का? हो मावशी, हे खरंय.