बीपीच्या गोळीने हाडं पोकळ होत नाहीत

ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ गटातली, म्हणून ती अंगातलं कॅल्शियम अडवते. हाडं पोकळ होतात, हातपाय लुळे पडतात, दूध-नाचणी खाल्ली की गोळी फुकट जाते, आणि पाय सुजले की किडनी गेली समजा. सबब गोळी बंद करा, असं सांगणारा मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

आधी हाडं. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. त्याची देवघेव सांभाळतात मुख्यतः गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व. चॅनल म्हणजे पेशीच्या पटलातली, कॅल्शियम आत सोडणारी वाट; आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणारं चॅनलही वेगळंच. ॲम्लोडिपिनचा रोख असतो ‘एल-टाइप’ नावाच्या चॅनलवर, तोही मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर कॅल्शियम सुमारे दहा हजारपट असतं. चॅनल उघडलं की ते आत घुसतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. गोळीने हा ओघ कमी होतो, पूर्ण थांबत नाही.

आणि ‘अडवते’ म्हणजे भोकात बूच बसतं, असंही नाही. याच गटातलं दुसरं औषध, वेरापामिल, खरंच चॅनलच्या पोकळीत जाऊन बसतं. ॲम्लोडिपिन मात्र बाहेरच्या अंगाला, पटलातल्या मेदाकडच्या बाजूला, चॅनलच्या दोन भागांच्या सांध्यात शिरते आणि तिथूनच आतल्या वाटेचा आकार बिघडवते. २०१६ मध्ये अमेरिकी संशोधक विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने जिवाणूच्या चॅनलपासून बनवलेल्या नमुन्यावर हे दाखवलं. गंमत म्हणजे ॲम्लोडिपिनच्याच रासायनिक घराण्यातला ‘बे के ८६४४’ हा रेणू चॅनल जास्त वेळ उघडं ठेवतो! नुसतं बूच असतं तर हे जमलं नसतं. शिवाय ॲम्लोडिपिन चॅनलला घट्ट धरते ती ते निष्क्रिय अवस्थेत, म्हणजे तात्पुरतं उघडेनासं झालेलं असताना. रक्तवाहिनीच्या पेशींत पटलावरच्या विद्युतदाबामुळे ही अवस्था जास्त आढळते, हृदयाच्या पेशींत कमी. म्हणून नेहमीच्या डोसमध्ये वाहिन्या सैलावतात, हृदयाच्या ठोक्याला फारसा धक्का लागत नाही.

हातापायांच्या स्नायूंत एल-टाइपचंच भावंड असतं, हे खरं. पण तिथं ते विजेचा इशारा ओळखून पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या साठ्याचं दार ओढून उघडतं. आकुंचनाला लागणारं कॅल्शियम आतूनच येतं. लुळेपणाची भीती इथेच संपते.

दूध-नाचणी खुशाल खा. या औषधांची विषबाधा झाली तर शिरेतून कॅल्शियम देतात, पण ते दवाखान्यातलं प्रकरण; वाटीभर आंबिलाशी त्याचा संबंध नाही.

सुजेत मात्र तथ्य आहे. बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी घोट्याशी झिरपतं. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमवर हे जास्त दिसतं. ही सूज किडनी गेल्याची नव्हे, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध जोडतात. सुजेला दुसरी कारणंही असू शकतात, म्हणून ती दाखवायचीच. घरबसल्या निदान करायचं नाही.

राहिला ‘मी सोडली, काहीच झालं नाही’ हा दाखला. रक्तातली ॲम्लोडिपिन निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे पहिले दोन दिवस बीपी बऱ्यापैकी ताब्यात राहतं ते आधीच्याच गोळ्यांच्या जोरावर, आणि ग्रुपवरचा विजयाचा मेसेज नेमका त्याच दोन दिवसांत येतो.