वेळ उपलब्ध झाल्यास

काल संध्याकाळी साडेपाचला सुधारित कार्यक्रमपत्रिका हातात आली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. विद्यार्थ्यांची मोबाइल ॲप डिझाईन स्पर्धा, बारा दिवसांवर आलेली. साडेदहा ते बारा उद्घाटन. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण. मग चहा. मग परीक्षकांसमोर सादरीकरण, गटाला चार मिनिटं. आणि सगळ्यात खाली, आभारांच्याही खाली, एक ओळ: ‘प्रत्यक्ष वापर चाचणी (वेळ उपलब्ध झाल्यास)’.

वेळ उपलब्ध झाल्यास! अहो, ती चाचणी म्हणजेच स्पर्धा होती!

चोवीस गट, तीन खोल्या, खोलीला आठ गट, गटाला वीस मिनिटं. सव्वादहाला सुरू केलं की एकच्या आत संपतं. हे गणित मी तीन वेळा कागदावर मांडून दिलं. प्रत्येक खोलीत दोन माणसं बसणार, ज्यांनी ते ॲप आधी कधी बघितलेलं नाही. एक दूध संस्थेचे सचिव, एक केएमटीचे (कोल्हापूरच्या सिटीबसचे) कंडक्टर, राजारामपुरीतले एक मेडिकलवाले, आमच्याच इमारतीतल्या सफाईच्या मावशी, एक रिक्षावाले काका आणि पंचगंगेकाठच्या चिखली गावातल्या एक आजी. त्यांच्या हातात फोन द्यायचा, एक काम सांगायचं आणि पोरांनी तोंड बंद ठेवून नुसतं बघत बसायचं. एवढंच. पाचेक जणांना वापरायला दिलं तरी बऱ्याचशा चुका बाहेर पडतात, हे जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञानं 2000 सालीच लिहून ठेवलंय. मी काही नवीन मागत नव्हते.

तर मिटिंगमध्ये वरिष्ठ सर मला काय म्हणाले? ‘मॅडम, आजीबाईंना ॲपमधलं काय कळतंय? परीक्षक आहेत की.’ आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

आजींना काय कळतं ते सांगते. गेल्या महिन्यात आमच्या एका गटानं पुराचं ॲप केलं. पोरं हुशार, जीव तोडून काम करणारी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, खाली निळा आलेख, दर तासाचा चढउतार. दिसायला देखणं. मी त्यांना म्हटलं, चला चिखलीला. आजींच्या हातात फोन दिला. स्क्रीनवर ‘41 फूट 3 इंच’. आजींनी त्या आकड्यावर अंगठा दाबला. काहीच झालं नाही. परत दाबला. मग फोन लांब धरला, जवळ धरला आणि पोराकडं बघून म्हणाल्या, ‘आरं, आकडा कळतोय मला. पर म्हशी सोडू का नको, त्ये सांग की.’

त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. 2019 ला याच आजींच्या दोन म्हशी पाण्यात गेल्या. दावं सोडायला वेळ मिळाला नव्हता. दोन महिने पोरं आलेखाचा रंग बदलत बसली होती आणि मूळ प्रश्नच स्क्रीनवर नव्हता. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. त्या रात्री त्यांनी आलेख दुसऱ्या पानावर टाकला आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एकच ओळ ठेवली: ‘जनावरं आत्ता हलवा’. हे कुठला परीक्षक शिकवणार होता? चार मिनिटांच्या सादरीकरणात, एसी हॉलमध्ये बसून?

आजींनी आणखी एक दाखवलं. अक्षरांच्या ओळींची उंची इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेली, त्यामुळं खालचे उकार कापले जात होते. ‘पूर’चं ‘पर’ झालेलं. आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं, कारण आम्हाला तो शब्द पाठ होता. आजी एकेक अक्षर जुळवून वाचतात म्हणून अडकल्या.

आणि या माणसांवर खर्च किती होणार होता? माणशी दोनशे रुपये, म्हणजे बाराशे. आजींचं निम्म्या दिवसाचं काम बुडतं, रिक्षा उभी राहते, फुकट कसं बोलवायचं? फाईलवर शेरा आला: ‘चर्चा करावी’. चर्चा केली. परत शेरा आला: ‘अनुज्ञेय नाही’. त्याच फाईलवर शाल, श्रीफळ, बुके आणि स्मृतिचिन्हांचे साडेचौदा हजार एका सहीत मंजूर. ती सही बघून माझे हात थरथरायला लागले, खरं सांगते.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही बोलते. प्रत्येक गटानं सगळ्या स्क्रीनचे कलर प्रिंट काढून, स्पायरल करून तीन प्रती जमा करायच्या म्हणे. बटण बोटाला पुरतंय का, हे कागदावर कसं कळणार? बटण कमीत कमी किती मोठं हवं, तर ॲपल 44 पॉइंट सांगतं, गूगल 48 डीपी सांगतं (दोन्ही स्क्रीनवरची मापं), ते माणसाचं बोट काचेवर टेकतं म्हणून सांगतं. ए-फोरवर चौपट मोठं छापलेलं बटण कुणालाही छानच वाटेल. पोरांच्या खिशातले चारशे-पाचशे रुपये झेरॉक्सवाल्याकडं जाणार.

गुणपत्रिका बघा. ‘कोणती टेक्नॉलॉजी वापरली’ याला वीस गुण, ‘वापरण्यास सुलभता’ याला पाच. स्पर्धा डिझाईनची आहे, कोडिंगची नाही, हे मी ऑगस्टपासून सांगतेय. तरी परवा फोन आला, ‘मॅडम, तयार ॲप पेनड्राइव्हमध्ये घ्यायचं ना?’ वायफायचं तर नावच नको. गेल्या वर्षी लॅबमध्ये फिग्मा, म्हणजे डिझाईन करायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर, उघडेना, पोरांनी स्वतःच्या हॉटस्पॉटवर दिवस काढला. वर्षभर अर्ज करतेय. परिपत्रकं अजून वाकडी स्कॅन केलेली येतात, मोबाइलवर वाचताना डोळे फुटतात. मोबाइल ॲपच्या स्पर्धेचं परिपत्रक!

बक्षीस समारंभ संध्याकाळी सहाला, पाहुण्यांच्या सोयीनं. चंदगडची पोरं शंभरेक किलोमीटरवरून पहाटेच्या एसटीनं येणार, ती परत कधी जाणार, हे कुणी विचारलं का? मी विचारलं तर उत्तर, ‘बघू, करू काहीतरी.’

मी तासिका तत्त्वावरची आहे. माझं म्हणणं फाईलमध्ये कुठं बसतं, मला माहिती आहे. पण ती पोरं माझ्या भरवशावर गावोगाव फिरलीत. गडहिंग्लजच्या दोघी आठवडाभर दूध संकलन केंद्रावर पहाटे जाऊन उभ्या राहिल्या, फॅटची चिठ्ठी लोक कशी वाचतात ते बघायला. त्यांना आता मी सांगू, की तुमचं हे काम वेळ उरला तर बघू?

आज दुपारी आजींच्या नातवाचा फोन आला. ‘आजी विचारतीया, किती वाजता यायचं? धार काढून निघाया पायजे.’ मी दहा सांगितलं. सहाही जणांना दहाच सांगितलंय. त्यांचे बाराशे मी माझ्या खिशातून देणार आहे. हॉलमध्ये उद्घाटन चालू असेल, तेव्हा व्हरांड्यात बाकडी टाकून आमचं काम सुरू होईल. पोरांना निरोप धाडलाय, फोन चार्ज करून आणा आणि आजींसाठी पाठ असलेली खुर्ची बघून ठेवा.