ऑक्टोपसला मेंदू नऊ की एक? धरमपेठच्या कट्ट्यावरचा वाद

नागपुरात ट्रॅफिक पार्कजवळच्या कट्ट्यावर रविवारी तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या की कुणी ना कुणी विषय काढतंच. या वेळी अंकुशने काढला. तो रोबोटिक्स शिकवतो. सध्या त्याच्या विद्यार्थ्यांना हाड नसलेला, रबरी हाताचा रोबो बनवायचा आहे.

"ऑक्टोपसले नऊ मेंदू असतात. एक डोक्यात, आठ हातांत. अन् मिलिंदभाऊ, तुम्ही कॉलेजात अजून एकच शिकवून राहिले."

मिलिंदभाऊ प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. ते म्हणाले, "नऊ नाहीत बे. एकच. पण तुझ्या बोलण्यात खरं किती आणि फुगवलेलं किती, ते आधी वेगळं करू."

खरं आहे ते असं. साध्या ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश आठ भुजांमध्ये असतात. म्हणजे एकेका भुजेच्या वाट्याला चार कोटींच्या आसपास. उरलेल्यांपैकी बहुतेक डोळ्यांमागच्या दोन दृष्टिखंडांत, आणि मधल्या मेंदूत फक्त चारेक कोटी. ही मोजदाद मुळात जे. झेड. यंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केली. प्रत्येक भुजेच्या मधोमध मुळापासून टोकापर्यंत एक जाड चेतारज्जू जातो, आणि प्रत्येक चूषकाच्या, म्हणजे भुजेवरच्या त्या गोल वाटीच्या, बुडाशी चेतापेशींचा आणखी एक छोटा गुच्छ असतो. एवढा मोठा कारभार असून मेंदू आणि भुजा यांना जोडणारे तंतू मात्र त्या मानाने फारच थोडे आहेत.

"मंग तेच तं म्हणून राहिलो मी," अंकुश म्हणाला. "एवढ्या बारीक वायरमधून आठ हातांची एकेक हालचाल मेंदू कशी सांगणार? आपल्या कोपराले एकच सांधा, कोन ठरलेला. ऑक्टोपसचा हात कुठंही वाकते, कितीही लांबते. त्याचं गणित एका जागी बसून करायचं म्हटलं तं कोणताही प्रोसेसर बसते."

ही अडचण खरी आहे. ऑक्टोपसच्या भुजेत हाड नाही, सगळा स्नायूच. स्नायूत बहुतेक पाणी, आणि पाणी दाबून कमी होत नाही. त्यामुळे भुजेचं आकारमान कायम राहतं. आडवे स्नायू आकसले की भुजा बारीक होऊन लांबते, उभे आकसले की आखूड आणि जाड होते, एकाच बाजूचे उभे आकसले आणि आडव्यांनी लांबी धरून ठेवली की वाकते, तिरके आकसले की पिळते. आपली जीभही याच तत्त्वावर चालते. रोबो बनवणाऱ्याला इथे घाम फुटतो, कारण ठरलेला असा एकही सांधा नाही.

जेरुसलेममध्ये बिन्यामिन हॉखनर यांच्या प्रयोगशाळेने २००१ साली याचाच शोध घेतला. मेंदूशी संबंध तोडलेल्या भुजेला त्यांनी विजेची टिचकी दिली. भुजेच्या मुळाशी एक बाक तयार झाला आणि तो टोकाकडे सरकत गेला. जिवंत ऑक्टोपस भक्ष्याकडे हात टाकतो तेव्हा हालचाल जशी असते, जवळजवळ तशीच.

प्रफुल्लचा मासळीचा ठोक धंदा. तो म्हणाला, "तुटल्यावर पालीची शेपूटही वळवळते. तिले काय मेंदू असते?"

"नाही ना बे, फरक हायच," अंकुशने लगेच पकडलं. "शेपूट नुसती वळवळते. हा हात पूर्ण काम करते."

मुद्दा चोख होता. मिलिंदभाऊंनीही मानला. त्यांचं म्हणणं एवढंच की, काम 'कसं' करायचं हे भुजेला येतं यावरून ते 'करायचं की नाही' हेही तीच ठरवते, असं होत नाही. बाक किती वेगाने सरकवायचा, कुठले स्नायू कधी आवळायचे हा हिशेब भुजेत आहे. कुठल्या दिशेला, कधी, कोणत्या भुजेने, हे वरून येतं.

"पुरावा?"

पुरावा २०११ सालचा आहे. त्याच गटाने पारदर्शक चौकट बनवली. ऑक्टोपसने एकच भुजा नळीतून घालायची, ती पाण्याबाहेर निघणार, पुढे तीन कप्पे, आणि खाऊ एकाच कप्प्यात. कोणत्या, ते फक्त डोळ्याला दिसतं. भुजा पाण्याबाहेर असल्यामुळे चव चाखून वाट काढायची सोय नाही. तरी ऑक्टोपस हे शिकले. म्हणजे डोळ्याने पाहिलेलं मेंदूतून त्या एका भुजेपर्यंत पोचतं आणि भुजा त्याप्रमाणे वळते. पुढे २०२० साली त्यांनी उलटा प्रयोग केला: नळी अपारदर्शक, भुजा दिसतच नाही, कुठे वळायचं ते तिला आतल्या आत जाणवलं पाहिजे. तेही जमलं. म्हणजे माहिती भुजेतून मेंदूकडेही जाते.

इथे प्रफुल्लने बर्फाच्या डब्यातून दोन माकूल, म्हणजे स्क्विड, काढले आणि वर्तमानपत्रावर ठेवले. ऑक्टोपस नागपुरात सहसा मिळत नाही, पण माकूल त्याचाच भाऊबंद, शीर्षपाद वर्गातलाच. आठ आखूड भुजा आणि वर दोन लांब शुंडके. "घ्या. कुठं हाय तो मेंदू, दाखवा."

ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी पद्धत नीट सांगतो, कारण बहुतेकांचं पहिल्याच पायरीला बिघडतं. माल घेताना कातडी पाहा. पांढुरकी, बारीक तपकिरी ठिपक्यांची असेल तर ठीक. सरसकट गुलाबी झालेली म्हणजे रंगाच्या पिशव्या फुटून रंग पसरलेला, जुना माल. गोठलेला असेल तर गरम पाण्यात टाकू नका. मेंदू आधीच मऊ, त्याचा लगदा होतो आणि मग कवटीसारख्या कूर्चेत पांढऱ्या चिखलाशिवाय काही दिसत नाही. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. धुवायला लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ. साध्या पाण्याने पेशी फुगतात आणि कडा पुसट होतात.

पोट उघडायचं ते पाणी बाहेर फेकणारी नळी असलेल्या बाजूने, मधोमध, कात्रीचं टोक वर उचलून. पाठीकडून कापलं तर आतल्या पारदर्शक पात्याला कात्री अडते. टोक खाली गेलं की चंदेरी शाईची पिशवी फुटते आणि पुढचं सगळं काळं. दोन बाजूंना दोन पिसासारखे कल्ले दिसतील. प्रत्येकाच्या बुडाशी एक हृदय आणि मध्ये तिसरं मोठं. रक्तात लोहाऐवजी तांब्याचं हिमोसायनिन, म्हणून प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं.

डोकं मात्र सावकाश. भुजांच्या मधून चोच दाबून बाहेर काढायची, मग दोन डोळ्यांच्या मध्ये वरून उभा, उथळ छेद. कूर्चा लागेल. ती सोलली की पिवळसर पांढरा गोळा, आणि दोन्ही बाजूंना त्याच्याहूनही मोठे, डोळ्यांना चिकटलेले दृष्टिखंड. चोचीच्या मागून बोथट तार अन्ननलिकेत सरकवली तर ती थेट या गोळ्याच्या मधून पार होते. मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा बसलेला आहे. म्हणूनच चोच आणि दातेरी जीभ भक्ष्याचे बारीक तुकडे करूनच खाली सोडतात.

मग भुजा. एक भुजा रात्रभर सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवली की घट्ट होते. नव्या ब्लेडने दोन मिलिमीटरचा आडवा काप घ्यायचा. प्रफुल्लने आणलेली भुजा ताजीच होती, तरी कापात मधोमध मिलिमीटरभराचा, भोवतालच्या स्नायूपेक्षा दाट पांढरा ठिपका दिसला. शेजारी एक बारीक भोक आहे, ती रक्तवाहिनी. नवखे लोक तिलाच रज्जू समजतात. रज्जू भरीव असतो.

वैशालीताई मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. तो काप ब्लेडच्या टोकावर धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिलिंद, हा मेंदू नाही, पण याला नुसती वायर म्हणणंही चूकच. आपल्या मज्जारज्जूत चालण्याचा ठेका तयार होतो, मेंदू फक्त चालू-बंद आणि वेग सांगतो. इथे तसंच, पण कितीतरी पुढे गेलेलं."

शिकागो विद्यापीठातल्या क्लिफ्टन रॅग्सडेल यांच्या गटाने २०२५ साली दाखवलं की ऑक्टोपसच्या भुजेतला हा रज्जू खंडाखंडांचा आहे. खंडांच्या मधल्या फटींतून चेता बाहेर पडतात, आणि चूषकांच्या चेतांची मांडणी अशी की कोणता चूषक कुठे आहे याचा नकाशाच रज्जूत तयार होतो. माकूलमध्ये गंमत आणखी स्पष्ट होते. शुंडकाच्या ज्या टोकावर चूषक आहेत तिथला रज्जू खंडांचा, आणि चूषक नसलेल्या दांड्यात खंड नाहीत. गरज चूषकाची, म्हणून यंत्रणा तिथेच.

चूषक आहेतही त्या लायकीचे. साध्या ऑक्टोपसच्या भुजेवर दोन रांगांत दोनशेहून जास्त चूषक असतात. ते नुसते चिकटत नाहीत, चवही घेतात. हार्वर्डमध्ये निकोलस बेलोनो यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली त्यांतले खास संवेदक शोधले. पाण्यात सहज न विरघळणारे, पृष्ठभागाला चिकटून राहणारे रेणू ते ओळखतात. कपारीत हात घातला की तिथे खेकडा आहे की दगड, हे डोळ्याशिवाय कळतं.

"मंग हात स्वतःच ओळखून स्वतःच धरते. झाले ना नऊ?" अंकुश अजून सोडायला तयार नव्हता.

याला मिलिंदभाऊंनी दिलेलं उत्तर मला सगळ्यांत पटलं. आठ हात, हजाराच्या वर चूषक, मग ते एकमेकांनाच का चिकटत नाहीत? २०१४ साली हॉखनर यांच्याच गटातल्या निर नेशर यांनी पाहिलं की, तुटलेली भुजा तासभर वस्तू धरत राहते, पण ऑक्टोपसची कातडी धरत नाही. कातडी सोललेली भुजा दिली तर धरते. म्हणजे कातडीतलं काहीतरी चूषकाला जागच्या जागी थांबवतं, मेंदूला विचारावं लागत नाही. इथवर अंकुशची बाजू. पण जिवंत, अखंड ऑक्टोपससमोर दुसऱ्याची तुटलेली भुजा ठेवली, तर तो कधी कधी ती कातडीसकट धरतो. जागेवरचा नियम वरून मोडता येतो. तुटलेल्या भुजेने तो मोडल्याचं दिसलं नाही.

"मालक एकच आहे," मिलिंदभाऊ म्हणाले. "फक्त तो प्रत्येक कामात सारखं लक्ष घालत नाही."

रंगाचंच पाहा. कातडीतल्या प्रत्येक रंगपिशवीभोवती स्नायू असतात, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी थेट मेंदूत बसलेल्या. एका बाजूची चेता कापली की प्रावाराची, म्हणजे धडाच्या मांसल पिशवीची, ती बाजू फिकी पडते. तिथे स्थानिक कारभार जवळपास नाहीच. माकूलच्या पळण्याचं तर त्याहून कडक. वैशालीताईंनी प्रावाराच्या आतल्या भिंतीवर, पुढच्या बाजूला, चांदणीसारखा पसरलेला चेतागुच्छ दाखवला. त्यातून निघणारे राक्षसी तंतू काही जातींत मिलिमीटरभर जाड असतात. जितकं लांब जायचं तितका तंतू जाड, म्हणून संदेश सगळीकडे जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, अख्खा प्रावार एकदम आवळतो आणि पाण्याची पिचकारी सुटते. याच तंतूंवर हॉजकिन आणि हक्सली यांनी चेतासंदेश कसा धावतो ते मोजलं, १९५२ साली मांडलं आणि १९६३ साली नोबेल मिळवलं. ऑक्टोपसमध्ये हे राक्षसी तंतू नाहीत. तो कपारीत राहणारा, चाचपणारा प्राणी आहे.

प्रफुल्लचा प्रश्न साधा आणि सगळ्यांत अवघड होता. "जिवंत असताना हात कापला तं दुखते कोणाले? हाताले का त्याले?"

वैशालीताईंनी रॉबिन क्रुक यांचा २०२१ सालचा प्रयोग सांगितला. ऑक्टोपसच्या एका भुजेत सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल टोचलं. नंतर तो आधीच्या आवडत्या कप्प्यात जाईना, कारण टोचल्यावर त्याला तिथेच ठेवलं होतं. टोचलेली जागा तो चोचीने कुरतडत बसला. लिडोकेन हे बधिर करणारं औषध दिल्यावर कुरतडणं थांबलं, आणि जिथे आराम मिळाला तो कप्पा त्याला आवडू लागला. भुजेकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेतले संदेशही मोजले: आम्लानंतर ते चालूच राहिले, लिडोकेनने शांत झाले. "जागा टाळायचं ठरवणं हे अख्ख्या प्राण्याचं काम आहे. दुखतं त्यालाच." ब्रिटनने २०२२ साली प्राणिकल्याणाच्या कायद्यात शीर्षपादांना संवेदनशील प्राणी म्हणून घेतलं, ते अशाच पुराव्यांवर. बोटीवर जिवंत सापडला तर दोन डोळ्यांच्या मधून मेंदू आधी निकामी करावा, हात नंतर. हात पुढे बराच वेळ हलत राहतात, त्यावरून तो जिवंत आहे असं धरू नये. प्रफुल्लने हे दोनदा विचारून नक्की करून घेतलं. त्याचे पुरवठादार रत्नागिरीकडचे आहेत.

अंकुशने तोवर वर्तमानपत्राच्या कडेला आठ चौकोन आणि मध्ये एक गोल काढला होता. मधे कॅमेरा आणि एक बोर्ड, प्रत्येक हातात छोटा चिप, मधून फक्त 'कुठे' आणि 'कधी' जाणार.

"अपुरं आहे," मिलिंदभाऊंनी त्याच्या हातातून पेन घेतलं. "भुजांच्या मुळांना जोडणारं एक चेताकडं असतं, मेंदूला वळसा घालून जाणारं. हे चौकोनही एकमेकांना जोड."

"आठ अजून वायर? वजन वाढते, भाऊ."

"मग हात एकमेकांत अडकतील."

"कातडीचा नियम टाकतो ना! प्रत्येक चूषकाले सेन्सर, आपलंच रबर लागलं की सोडायचं."

"आणि मेंदूला तो मोडता आला पाहिजे," वैशालीताई म्हणाल्या.

अंकुशने मधल्या गोलापासून प्रत्येक चौकोनाकडे आणखी एक रेघ ओढली आणि वायरी पुन्हा मोजायला घेतल्या.