भिंत कापून उरलेला प्रसंग

आमच्या अमळनेरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नुकतंच 'फँड्री'वरून भांडण पेटलं. नागराज मंजुळे यांच्या या २०१३ च्या सिनेमातल्या शेवटच्या प्रसंगाची कुणीतरी अर्ध्या मिनिटाची रील टाकली होती. गावाने खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी जब्या दगड भिरकावतो आणि खाली दणदणीत डीजे. लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, असले सिनेमे जातीजातींत तेढ लावतात. दुसऱ्याचं, खरं दाखवलं की झोंबतंच. २०१६ मध्ये त्यांच्याच 'सैराट'च्या वेळीही हेच झालं होतं. तेव्हा तर मुली बिघडतील म्हणून ओरड होती. दोन्ही वेळा दिग्दर्शकाची जात निघाली. कॅमेरा कुठे उभा होता, आवाज कुठून येत होता, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

मी लीड्सला राहतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या परीक्षेला 'फिल्म स्टडीज' हा विषय घेता येतो, आणि माझ्या मुलीने तो घेतला आहे. एका प्रसंगावर चार पानं लिहायची आणि प्रत्येक मताला पडद्यावरचा पुरावा द्यायचा, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. म्हणून मी तिला आणि तिच्या मैत्रिणींना रील न दाखवता डुक्कर धरण्याचा अख्खा प्रसंग दाखवला.

शाळेजवळ जब्याचं सगळं कुटुंब डुकरामागे पळतंय, आणि गाव कडेला बसून हसतंय. डुक्कर हाताशी येतं न येतं तोच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थबकतात, डुक्कर मात्र निघून जातं. मुलीने पटकन हेरलं की हे सूर प्रसंगाच्या आतूनच, त्या शाळेतूनच येतात, वरून चढवलेले नाहीत. म्हणूनच ते जब्याला ऐकू येतात आणि त्याचे पाय थांबवतात. ज्या शाळेने त्याला हे उभं राहणं शिकवलं, तिच्याच पोरांसमोर त्याची अब्रू जाते आहे. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, म्हणजे आपण इतका वेळ त्या हसणाऱ्यांमध्येच बसलो होतो." मला यापुढे बोलायला काही उरलं नाही.

पण मधली एक चौकट त्यांच्या हातून साफ निसटली. शेवटी धरलेलं, काठीला टांगलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन घरची माणसं शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा. मुलींना ती नुसती रंगवलेली चित्रं वाटली. एकीने तर विचारलं, हे गावचे पुढारी का? राष्ट्रगीताच्या वेळी त्या हसल्याही होत्या. प्रसंगात तो विनोद आहेच, पण तो घशात का अडकतो हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. इथली शाळा बघायला शिकवते, पण ती भिंत वाचायला लागणारं शहाणपण अमळनेर-पारोळ्याच्या जिल्हा परिषद शाळेत मिळतं. तिथे पोरं रोज त्याच चेहऱ्यांसमोर प्रार्थनेला उभी राहतात.

मग राग येतो तो त्या रीलचा. मोबाइलच्या उभ्या चौकटीत बसवताना कुणीतरी दोन्ही बाजू कापल्या, आणि सावित्रीबाई अन् गाडगेबाबा त्यातच गेले. डीजे चढवल्यावर मूळ आवाज गेला. ज्यांना ती भिंत एका नजरेत कळली असती, त्यांच्यापर्यंत भिंत पोहोचलीच नाही, आणि उरला तो फक्त दगड मारणारा पोरगा. त्यावर तेढीचीच चर्चा होणार, दुसरं काय होणार?

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा माझा आतेभाऊ म्हणाला, "भाऊ, तू तठे बशीसन आमले काय शिकाडस?" तो हायस्कूलला मराठी शिकवतो, आणि त्याचा सवाल मला रास्त वाटतो. लीड्सचा अभ्यासक्रम उचलून खानदेशात लावा असं मी म्हणतच नाही. पुण्यातले चित्रपट रसास्वादाचे वर्ग नावाजलेले आहेत, पण चोपड्या-शहाद्याच्या पोराला पुणं रात्रभराच्या प्रवासाचं. उलट दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण आपण करतोच. प्रतिमा कोणती, नाद कसा, कवी काय सुचवतो. हेच प्रश्न एका प्रसंगाला विचारायचे, एवढंच. अहिराणीत स्वतःचे व्हिडिओ करणारी आपली पोरं कॅमेरा हाताळतातच, त्यांना ही भाषा शिकायला वेळ लागणार नाही.

आतेभावाने आता नववीला हा प्रसंग दाखवायचं मनावर घेतलंय. पालक हरकत घेतील, अशी मुख्याध्यापकांना धास्ती आहे. माझं मत असं की पालकांनाही त्याच वर्गात बोलवावं, मूळ आवाजासकट, पूर्ण आडव्या चौकटीत प्रसंग दाखवावा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा: डुक्कर कुणाकुणासमोरून नेलं?